नेझकाचे खवले

बंदुकीच्या पोलादावर खवले पाडणारे हात फेरलाख या बंदुका करणाऱ्या गावात तेव्हा तीनच होते. दोन हात पुरुषांचे, तिसरा नेझका उझनिकचा. आणि त्या दोघांनाही आडून विचारलं असतं, तर तेही म्हणाले असते की नेझकाचं नाव आधी घ्या. तोंडावर म्हणाले नसते ती गोष्ट वेगळी.

खवले म्हणजे काय, तर माशाच्या अंगावर असतात तशी बारीक चौकड्यांची जाळी. आडव्या-तिरक्या रेघा कानशीनं कापायच्या, म्हणजे दोन रेघांच्या मधे एकेक टोकदार दाणा उभा राहतो. हात घामानं भिजलेला असो की बर्फानं गारठलेला, बंदूक निसटत नाही. लाकडी दस्त्यावर हे काम करणारे फेरलाखमध्ये पैशाला पासरी. अक्रोडाचं लाकूड मऊ, चूक झाली तर थोडं खरवडून घेता येतं. पोलाद काही विसरत नाही. एक रेघ केसभर वाकडी गेली, की पुढच्या वीस रेघा तिच्यामागं वाकड्या जातात, आणि जन्मभर तशाच राहतात.

नेझकानं सुरुवात लाकडावरच केली होती, चौदाव्या वर्षी, मावशीच्या हाताखाली. पण अक्रोडाच्या भुशानं तिला दम लागायचा. दोन हिवाळे खोकत काढल्यावर डॉक्टर म्हणाला, हे काम सोड. दुसरी एखादी असती तर दूध काढायला गेली असती. हिनं शेगड्यात, म्हणजे तुकडा आवळून धरणाऱ्या पकडीत, लाकडाऐवजी लोखंड धरलं. लोखंडाचा कीस जड, तो छातीत न जाता खाली पडतो, एवढा साधा विचार. शिकवणारं कोणी नव्हतं. रद्दीतल्या जुन्या लष्करी रायफलींच्या तुकड्यांवर तिनं तीन वर्षं हात बसवला, आणि चौथ्या वर्षी बंदुकांच्या दुकानाचे वुटे मालक स्वतः तिच्या स्वयंपाकघरात येऊन काम टाकून गेले.

तेव्हापासून एकोणीस वर्षं, एक तुकडा बिघडला नाही. एकही नाही. हे कुठल्याही दुकानात जाऊन विचारावं.

थोरला भाऊ फोल्टेय हे कुठल्याही दुकानात न विचारताच सांगायचा. तो वुटे मालकांकडं बंदुकांच्या नळ्या घासायचा. तीस वर्षं झाली होती. बायको लवकर गेली, पोरबाळ नव्हतं, म्हणून दोघं भावंडं लोइब्लच्या ओढ्याकाठच्या वडिलांच्या घरात राहायची. घराची स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला. बारीक कामाला उत्तरेचाच उजेड लागतो, दिवसभर एकसारखा, चमक न मारणारा. नेझकाला बिस्त्रित्साच्या एका रेल्वेवाल्यानं मागणी घातली होती. माणूस चांगला, नोकरी पक्की. ती घर बघायला गेली, खिडकीशी उभी राहिली, परत आली. म्हणाली, "दक्षिणेची खिडकी आहे." विषय संपला.

"पोरगी उजेडासाठी नवरा सोडते," फोल्टेय खाणावळीत सांगायचा. "आहे कोणाच्या घरात अशी?"

कोणाच्या घरात नव्हती, हे खरंच होतं. फोल्टेय बढाई मारायचा, पण खोटं कधी बोलला नाही. निदान त्या ऑक्टोबरपर्यंत नाही.

ते अठ्ठावन्न साल. रविवारची प्रार्थना आटपून पुरुषमंडळी चर्चमागच्या खाणावळीत बसली होती. फोल्टेयसमोर मोस्टचा, म्हणजे नासपतीच्या आंबवलेल्या रसाचा मग. शेजारी पेपेय, दस्त्यांवर खवले पाडणारा, जिभेनं जरा तिखट. पलीकडच्या टेबलाशी वुटे मालक बसले होते, आणि त्यांच्यासोबत सेलेच्या डोंगरातला म्हातारा लेसयाक. लेसयाकनं मालकांकडं नवी रायफल सांगितली होती. त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. लाकडाच्या गिरणीनं घेतला होता.

"चिमटीत धरताच येत नाही मला," लेसयाक मालकांना दाखवत होता. बोल्ट म्हणजे रायफलीत काडतूस आत-बाहेर सरकवणारा खिट्टीसारखा भाग, आणि त्याची मूठ म्हणजे एक दांडी आणि तिच्या टोकाला पोलादाची गोटी. माणसं ती गोटी चिमटीत धरून बोल्ट मागं ओढतात. "मी असा तळव्यानं उचलतो, बोटाच्या आकड्यानं ओढतो, आणि परत तळव्यानंच ढकलतो. सगळीकडून हात लागतो. जुन्या रायफलीच्या गोटीला तीन ठिपके आहेत खवल्यांचे, मधे सगळं गुळगुळीत. पाऊस असला की सटकते."

"ठिपके म्हणजे तुकडे," मालक म्हणाले. "तुकड्यातुकड्यांनीच करतात, लेसयाक. गोटीवर अख्खी कातडी कोणी चढवत नाही."

"का नाही चढवत?"

मालक काही बोलायच्या आत फोल्टेय बोलला. मगातला मोस्ट अर्ध्यावर आला होता, पण दोष मोस्टचा नव्हता. तो पाणी पिऊनही हेच बोलला असता.

"कोणी म्हणजे कोण, मालक? पेपेय नाही चढवणार, ते कबूल. माझी बहीण चढवेल. दांडीपासून टोकापर्यंत, सगळीकडून, एक अखंड कातडी. मधे एक जोड दिसायचा नाही."

"बहिणीला विचारलंस का?" पेपेयनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? गोल म्हणजे गोल. मी तीस वर्षं गोल घासतोय."

"तू घासतोस, कापत नाहीस."

"तू लाकडावर लोणी लावतोस, पेपेय. गप पी."

माणसं हसली. लेसयाक हसला नाही. तो उठून आला आणि आपला अंगठा नसलेला हात त्यानं फोल्टेयपुढं केला. "शब्द?" म्हणाला. फोल्टेयनं तो हात हातात घेतला. मालकांनी मान हलवली, पण मधे पडले नाहीत. हात मिळाल्यावर मधे पडायची रीत नाही.

"सेंट ह्युबर्टच्या दिवशी घ्यायला येतो," लेसयाक म्हणाला. शिकाऱ्यांचा सण. तीन नोव्हेंबर.

घरी नेझका शलगम सोलत बसली होती. फोल्टेयनं सगळं सांगितलं, आपला भाग जरा फुगवूनच. तिनं ऐकून घेतलं. सोलायची थांबली नाही.

"दादा, तू शब्द दिलास?"

"दिला. तुझ्या जिवावर दिला. असा मान कोणाला मिळतो?"

"नळीवर रेघा मारल्या तर काय होतं?"

"काय होतं? शेजारी शेजारी बसतात. टोकापासून टोकापर्यंत सारखं अंतर."

तिनं सोललेला गोल शलगम त्याच्यापुढं ठेवला आणि सुरीनं वरून खाली एक रेघ ओढली. तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दुसरी. "ही बघ. मधे बोटभर अंतर. आता वर बघ."

वर, देठापाशी, दोन्ही रेघा एकमेकींना टेकल्या होत्या. फोल्टेय बघत राहिला. तीस वर्षं त्याच्या हातून नळ्याच गेल्या होत्या. नळी कुठंही मोजा, सारखीच जाड. गोल म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं नळीच यायची. गोटी नळीसारखी गोल नसते, हे त्याला बावन्नाव्या वर्षी एका शलगमावरून कळलं.

"माझी कानस दोन धारांची आहे," नेझका म्हणाली. "एक धार आधीच्या रेघेत चालते, दुसरी नवी रेघ कापते. म्हणून अंतर चुकत नाही. ती सारखंच अंतर कापणार. आणि गोटीवर सारखं अंतर चालत नाही. म्हणून तुकडे करतात, दादा. तुकड्याच्या कडेला रेघेला मरायला जागा मिळते."

फोल्टेयनं शलगम उचलून देठाकडून बघितला.

"बोल्टवर नंबर असतो," ती हळूच म्हणाली. "सरकारी चाचणी होऊन, शिक्का बसून आलेला. बिघडला तर नवा बोल्ट, नवी चाचणी. मालक किती चांगले असले तरी त्यांचा नेम तुला ठाऊक आहे. ज्यानं बिघडवला, त्याच्या घरी पुन्हा काम जात नाही."

नेम ठाऊक होता. ओढ्यापलीकडच्या घरातल्या माणसाची नक्षीकामाची पेटी त्याच नेमामुळं आठ वर्षं बंद होती.

"मी उद्या जातो," फोल्टेय म्हणाला. "मालकांना सांगतो, शब्द मागं घेतला."

हे म्हणायला त्याला काय लागलं असेल, ते त्याचं त्याला. त्यानं आयुष्यात कधी शब्द मागं घेतला नव्हता. सोमवारी सकाळी तो टोपी काढून मालकांच्या दारात उभा राहिला. तोंड उघडणार, तोच मालकांनी फडक्यात गुंडाळलेला बोल्ट त्याच्या हातात ठेवला.

"लेसयाक रात्रभर झोपला नाही म्हणे आनंदानं," मालक म्हणाले. "फोल्टेय, दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतंस तर मी कालच हसण्यावारी नेलं असतं. पण नेझकानं एकोणीस वर्षांत माझा एक तुकडा बिघडवला नाही. ती हो म्हणते म्हणजे काहीतरी बघूनच म्हणत असेल."

ती हो म्हणाली नव्हती. हे सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. फोल्टेयनं टोपी घातली आणि बोल्ट घेऊन घरी आला.

नेझकानं फडकं उघडलं, बोल्ट खिडकीशी धरून फिरवला, पुन्हा गुंडाळला आणि फळीवर पिठाच्या डब्यामागं ठेवला. भावाला एक शब्द बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं. चार शिव्या घातल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

मग तिनं रद्दीतल्या तीन गोट्या काढल्या. पहिल्या गोटीवर तिनं नेहमीच्या दुहेरी कानशीनं काम केलं. दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी रेघा गोटीला वळसा घालून परत आल्या, आणि शेवटची रेघ पहिलीच्या शेजारी पोचली तेव्हा मधे अर्धा खवला उरला. ना पुरता, ना नाहीसा. तोंडातल्या तुटक्या दातासारखा तिथंच डोळा जायचा.

"आधी कड्या आखून घे," फोल्टेय म्हणाला. "नळीला आम्ही आखतो तशा."

"नळीचं नाव काढू नकोस."

तरी तिनं कड्याही आखून बघितल्या. दुसऱ्या गोटीवर टोकाकडं खवले इतके चेंगरले की जाळी न दिसता नुसता ओरखडा दिसायला लागला. ऑक्टोबर अर्धा संपला. खिडकीतला कामाचा उजेड दिवसाला साडेतीन तासांवर आला. पेपेय रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय फोल्टेय, कातडी चढली का? की मासाच अजून पाण्यात आहे?" फोल्टेय म्हणायचा, "चढते आहे." हे त्याचं पहिलं खोटं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नेझका काझनुडल करत होती. पनीर आणि पुदिन्याचं सारण, त्यावर पारी, आणि कडेला मुरड. मुरड घालणं म्हणजे त्या मुलखात बाईची परीक्षा. नेझकाची मुरड दोरीसारखी येते, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते शोधून सापडत नाही. फोल्टेय समोर बसून तिचा अंगठा बघत होता. तिचं लक्ष हातात नव्हतं.

"दादा, लेसयाक गोटीला हात नक्की कुठं लावतो?"

"सगळीकडून, म्हणाला."

"माणूस म्हणतो सगळीकडून. हात तसं करत नाही. त्याचा जुना हातमोजा आणशील? शिकारीचा. उजवा."

दुसऱ्या दिवशी फोल्टेय सेलेला गेला. बस अर्ध्या वाटेपर्यंत, पुढं चढण पायी. लेसयाकनं त्याला गव्हाच्या कॉफीचा पेला दिला आणि हातमोजा ऐकून नवल केलं.

"बाई रायफल करते की मोजे विणते?"

"ती विचारते तेव्हा कारण असतं."

"म्हणजे तुलाही कारण माहीत नाही."

"मला गोल सोडून काही कळत नाही," फोल्टेय म्हणाला. "आणि गोलही पुरतं कळत नाही."

लेसयाकनं मोजा दिला. अंगठ्याचं भोक कातड्याच्या तुकड्यानं शिवून बंद केलेलं. घरी आल्यावर नेझकानं तो तळव्याच्या बाजूनं खिडकीशी धरला. तळव्याच्या टाचेशी कातडं झिजून चकचकीत झालं होतं. पण गोल ठिपका नव्हता. कडं होतं, बांगडीसारखं. बांगडीच्या आत, अगदी मधे, वाटाण्याएवढी जागा तशीच खरखरीत, नवी असल्यासारखी.

"बघितलंस?" ती म्हणाली. "टोकाशी हात नुसता टेकतो. घसरत नाही. घसरतो तो कडेला. टोकाला खवले लागतच नाहीत त्याला. उलट टोकाला बारीक खवले केले असते तर तळव्यात टोचले असते."

"मग टोक मोकळं सोड."

"टोक मोकळं सोडलं तर रेघांना जायला जागा मिळाली. पण खालून वर येताना अंतर कमी होणार, ते कसं सांभाळू?"

चुलीशेजारच्या टोपलीत पेटवणाला आणलेली स्प्रूसची, म्हणजे देवदारासारख्या झाडाची, सुकी बोंडं होती. फोल्टेयनं जाळ करायला एक उचललं, आणि नेझकानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. बोंड गोल फिरवत ती बराच वेळ बघत राहिली. बोंडाचे खवले देठाशी मोठे, टोकाशी लहान, आणि रेघा सरळ नाहीत. एक रांग डावीकडं वळत चढते, दुसरी उजवीकडं, आणि जिथं एकमेकींना छेदतात तिथं खवला. लहान होत जातो, पण आकार तोच.

"चूल पेटवू का नको?" फोल्टेयनं विचारलं.

"पेटव. दुसरं घे."

कामाला हात घालायच्या आधी तिनं भावाकडून एक गोष्ट मागितली. बोल्ट पिठाच्या डब्यामागून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे झालं काय, न झालं काय, खाणावळीत माझं नाव काढायचं नाही. कोणी विचारलं तरी नाही. वर्षभर."

"वर्षभर?"

"तुझ्या एका वाक्यापायी माझी एकोणीस वर्षं या टेबलावर आहेत, दादा."

फोल्टेयनं आईची शपथ घेतली. त्याला वाटलं, यापेक्षा नोव्हेंबरात ओढ्यात उतरायला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

तिनं दुहेरी कानस बाजूला ठेवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कागदाची एक पट्टी गोटीच्या पोटाभोवती गुंडाळून बरोबर मापाची कापली. मग ती पट्टी तिहेरी दुमडली, पुन्हा तिहेरी, मग दोनदा निम्मी. उलगडली तेव्हा छत्तीस घड्या. प्रत्येक घडीला गोटीवर सुईनं ठिपका. मग एकेरी, सुरीसारख्या कानशीनं, प्रत्येक ठिपक्यातून एक वळती रेघ. मार्ग दाखवायला कानशीला दुसरी धार नव्हती. फक्त डोळा आणि अंगठा. मुरडीसारखंच. आधी तिसऱ्या रद्दीच्या गोटीवर करून बघितलं. तिथं रेघा मिळाल्या. तीही खरी गोटी असती तर चाललं असतं, पण खरी अजून टेबलावर कोरीच होती.

मग खरी. दर दहा ओढींना कानशीला खडू फासायचा, कीस दातांत अडकू नये म्हणून. दर रेघेला मेणबत्तीच्या काजळीवर गोटी धरायची, म्हणजे उंच राहिलेला भाग काळा दिसतो. डावीकडच्या छत्तीस रेघांना सहा दिवस लागले. मग उजवीकडच्या. फोल्टेय कामावरून आला की घरात न शिरता लाकडं फोडत बसायचा. त्या दिवसांत त्यानं दोन हिवाळ्यांची लाकडं फोडली, आणि मग फोडलेलीच पुन्हा फोडली.

शेवटची रेघ एकतीस ऑक्टोबरला. रविवार नसूनही फोल्टेय कामावर गेला नाही. मालकांना सांगितलं, पोटात दुखतंय. हे त्याचं दुसरं खोटं.

तो ओसरीत उभा होता. आतून कानशीचा आवाज यायचा, थांबायचा, यायचा. मग बराच वेळ आलाच नाही. मग कुंचल्याचा आवाज, तारेच्या.

"दादा, चष्मा घेऊन ये."

त्यानं चष्मा लावला. गोटी शेगड्यात होती, खाली फडकं. शेवटची रेघ आणि पहिली रेघ कुठली, ते त्यानं शोधलं. दोन वेळा शोधलं. नळी असती तर त्याला कळलं असतं, हे त्यानं मनाशी कबूल केलं. पोटाशी मोहरीएवढे खवले, वरती चढत चढत मोहरीच्या अर्ध्याएवढे, आणि टोकाला वाटाण्याएवढं गुळगुळीत वर्तुळ. सगळीकडून एक कातडी. जोड नव्हता.

"कुठं मिळाली ती रेघ?"

"विसरले," नेझका म्हणाली. तिनं हात धुतले आणि शलगम सोलायला घेतला. तिचा उजवा अंगठा दोन दिवस सरळ होत नव्हता, हे त्याला नंतर कळलं.

बोल्ट मालकांच्या भट्टीत पाणी देऊन, निळा होऊन रायफलीत बसला. सेंट ह्युबर्टच्या दिवशी प्रार्थनेनंतर लेसयाक दुकानात आला. मालक, फोल्टेय, आणि गंमत बघायला पेपेय. लेसयाकनं रायफल घेतली, खिडकीबाहेर डोंगराकडं तोंड केलं आणि बोल्ट चालवला. तळव्यानं उचलला, आकड्यानं ओढला, तळव्यानं ढकलला. मग बाहेर पंपाशी जाऊन हात भिजवून आला आणि पुन्हा चालवला. पाच-सहा वेळा. डोळे मिटून.

पेपेयनं वाकून गोटी बघितली. बराच वेळ बघितली, कारण तो तिखट असला तरी कारागीर होता. मग म्हणाला, "टोकाला टक्कल आहे. फोल्टेयसारखंच."

फोल्टेयचा चेहरा लाल झाला. माशाच्या डोक्यावर तरी खवले असतात का रे, हे वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलं होतं. हातमोजा, बोंड, छत्तीस घड्या, सगळं रांगेत उभं होतं. त्यानं ते गिळलं.

"टक्कल आहे म्हणूनच टोचत नाही," लेसयाक म्हणाला. त्यानं तळवा वर करून दाखवला. कडेला बारीक जाळीची खूण उठली होती, आणि मधे काही नाही. "कोणी कापलं हे?"

फोल्टेय शेगड्याचा दांडा घट्ट धरून उभा राहिला.

"अरे सांग की," पेपेय म्हणाला. "एरवी झोपेतही सांगतोस. जीभ घरी ठेवून आलास का?"

फोल्टेय गप्प. इतका गप्प, की मालकांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. मग मालकच बोलले, आणि वुटे मालकांनी गिऱ्हाइकापुढं कारागिराचं नाव घेतल्याचं त्या दुकानात कोणालाच आठवत नव्हतं. बंदुकीवर नाव दुकानाचं, बाकी सगळे हात बिननावाचे, अशीच रीत.

"नेझका उझनिक," ते म्हणाले. "ओढ्याकाठचं घर. उत्तरेची खिडकी."

लेसयाकनं टोपी घातली, आपली झोळी उचलली, रायफल खांद्याला अडकवली आणि तडक ओढ्याच्या वाटेला लागला. त्याच्यामागून फोल्टेय पळत निघाला खरा, पण वयानं अडवलं. तो पोचला तेव्हा लेसयाक दारातून बाहेर पडत होता. आत टेबलावर पाल्यात गुंडाळलेला हरणाच्या मांसाचा तुकडा होता, आणि नेझका त्याच्याकडं बघत बसली होती.

"दादा, तू सांगितलंस?"

"मालकांना विचार. पेपेयला विचार."

"तू गप्प राहिलास?"

"अख्खा वेळ."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, गोटीकडं बघायची तसं, फिरवून फिरवून. मग उठून चुलीवर भांडं चढवलं. "दुकानात तर तू गप्प बसलास," ती म्हणाली. "आता वर्षभर खाणावळीत बसून दाखव."

त्यानं दाखवलं. ते वर्ष फेरलाखच्या खाणावळीत फार शांत गेलं, असं लोक म्हणतात. मालकांकडून तशाच आणखी दोन गोट्यांचं काम आलं. एक नेझकानं घेतली, दुसरी परत पाठवली, ज्याचा हात तिनं बघितला नव्हता त्याची. बिघडलेला तुकडा अजूनही एक नाही. एकोणिसाची वीस झाली, मग पंचवीस.

पहिल्या रद्दीच्या गोटीची, अर्धा खवला उरला होता तिची, फोल्टेयनं स्वयंपाकघरातल्या खणाला मूठ केली. बसवताना अर्धा खवला खालच्या बाजूला जाईल असं बघितलं. पण खण उघडताना बोट नेमकं तिथंच लागतं.